बोर्डावर ‘आर्किटेक्ट’ लिहू का? शब्द कुणाचा, सही कुणाची आणि काम कुणाचं



इंटिरिअरच्या धंद्यावर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. “सर, माझा सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, प्लॅन काढतो, थ्रीडी करतो, साईटही सांभाळतो. बोर्डावर आर्किटेक्ट लिहिलं तर चालेल का?” विचारणारा कधी डिप्लोमावाला असतो, कधी एक वर्षाचा इंटिरिअरचा कोर्स केलेली ताई असते, कधी वीस वर्षं सुतारकाम केलेल्या वडिलांचा मुलगा असतो. उत्तर एकच आहे. नाही चालणार.

मग लगेच दुसरा प्रश्न येतो. “म्हणजे आम्ही हे काम करायचंच नाही का?” तर तसंही नाही. या दोन उत्तरांच्या मधे बरीच मोठी जागा आहे आणि तिथे हजारो माणसं प्रामाणिकपणे पोट भरतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: ‘आर्किटेक्ट’ हा शब्द उसना घेऊ नका आणि दुसऱ्याची सही भाड्याने घेऊ नका. या दोन गोष्टी टाळल्या तर परवान्याच्या नावानं घाबरण्यासारखं फार थोडं उरतं.

आता जरा कायदा बघू. कंटाळवाणा आहे, पण एकदा समजून घेतलात तर पुढं कुणी उगाच घाबरवणार नाही.

१९७२ साली संसदेनं आर्किटेक्ट्स ॲक्ट केला. त्याखाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे वास्तुकला परिषद, स्थापन झाली. पाच वर्षांची मान्यताप्राप्त बी.आर्क. पदवी घेतलेल्या माणसाचं नाव या परिषदेच्या नोंदवहीत लागतं, त्याला नोंदणी क्रमांक मिळतो आणि मग तो स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकतो. ही नोंदणी देशभर चालते. पुण्याचा आर्किटेक्ट पणजीला किंवा इंदूरला काम करायला मोकळा असतो.

या कायद्याचं कलम ३७ तुमच्या कामाचं आहे. नोंदणी नसलेल्या माणसानं आर्किटेक्ट हे नाव आणि बिरुद वापरू नये, असं ते सांगतं. सूट आहे ती ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि जहाजं डिझाइन करणाऱ्या ‘नेव्हल आर्किटेक्ट’ला. ‘इंटिरिअर आर्किटेक्ट’ त्या यादीत नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण थोड्या महिन्यांत ‘इंटिरिअर आर्किटेक्ट’ बनवून देतो म्हणणाऱ्या जाहिराती तुम्ही पण बघता आणि मी पण बघतो. मी स्वतः ट्रेनिंग देतो, त्यामुळे आमच्याच धंद्यातल्या लोकांबद्दल बोलायला थोडं जड जातं. पण ज्या शब्दाचा बोर्ड विद्यार्थ्याला लावता येणार नाही, तो शब्द विकून फी घेणं मला पटत नाही.

दंड किती? पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत. पुन्हा पकडलं गेलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी नसताना नोंदणी आहे असं खोटं सांगितलं तर त्यासाठी वेगळं कलम आहे, तिथेही दंड हजारापर्यंतच. पाचशे रुपये! माझ्या दुकानात पाचशेच्या सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्यांमध्ये एक वॉर्डरोबसुद्धा पुरा होत नाही. १९७२ मध्ये ही रक्कम जाचक असेल, आज ती ऐकून लोक हसतात. “भरू की पाचशे” असं म्हणणारे मला भेटलेत.

पण दंड हा खरा खर्च नाहीच. खरा खर्च पैसे अडकल्यावर कळतो. समजा, तुम्ही आठ लाखांचं फ्लॅटचं काम घेतलं, व्हिजिटिंग कार्डावर आर्किटेक्ट छापलेलं आहे आणि शेवटच्या दोन लाखांवरून ग्राहकाशी वाद झाला. ग्राहकाच्या वकिलाला आता फर्निचरमधले दोष शोधायची गरज नाही. तो तुमचं कार्ड पुढं करणार. खोटी माहिती देऊन मिळवलेली संमती असेल तर करार रद्द करायचा पर्याय समोरच्याला असतो, हे १८७२च्या करार कायद्यात आहे. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळाच. काम उत्तम केलं असलं तरी तुम्ही बचावाच्या बाजूला जाता. दोन लाखांची वसुली बाजूला राहते आणि तुम्ही ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हे सिद्ध करत बसता.

हे नावाबद्दल झालं. आता कामाबद्दल.

मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर निकाल दिलाय आणि तो प्रत्येक डिझाइनच्या धंदेवाल्यानं माहीत करून घ्यावा. प्रकरण नोएडा प्राधिकरणातल्या एका पदाचं होतं. पदाच्या नावात ‘आर्किटेक्ट’ होतं, पण परिषदेत नोंदणी नसलेल्या माणसालाही त्यावर बढती मिळू शकत होती. न्यायालयापुढं प्रश्न आला की १९७२चा कायदा आर्किटेक्टच्या नावाला संरक्षण देतो की कामालाही? न्यायालयानं सांगितलं, कलम ३७ नाव आणि बिरुद वापरायला बंदी करतं, नोंदणी नसलेल्या माणसाला इमारतीच्या डिझाइनशी संबंधित काम करायला सरसकट बंदी करत नाही. पदाच्या नावात मात्र आर्किटेक्ट ठेवायचं असेल तर माणूस नोंदणीकृतच हवा.

यातून कुणी असा अर्थ काढू नका की आता सगळं मोकळं झालं. १९७२चा कायदा काम अडवत नसला तरी दुसरे कायदे आणि नियम ठरावीक ठिकाणी ठरावीक माणसाची सही मागतात. नगरपालिकेत बांधकामाचा नकाशा दाखल करायचा तर तो आर्किटेक्टच्या किंवा त्या प्राधिकरणाचं लायसन्स असलेल्या तांत्रिक माणसाच्या सहीनंच जातो. रेराचा २०१६चा कायदा बघा. बिल्डरला प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढायचे तर इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए या तिघांचे दाखले लागतात. तिथे ‘मला पण येतं की’ चालत नाही.

इथेच आपल्या डिप्लोमावाल्या मित्रांसाठी एक दार आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई महापालिकेचं क्षेत्र आणि काही ठरावीक भाग सोडले तर ती राज्यभर लागू आहे. तिच्या परिशिष्टात आर्किटेक्टशिवाय इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर अशा लोकांची पात्रता, अधिकार आणि जबाबदाऱ्या दिलेल्या आहेत. परिषदेकडे नोंदणी असलेल्या आर्किटेक्टला पालिकेचं वेगळं लायसन्स लागत नाही. बाकीच्यांना स्थानिक प्राधिकरणाकडून ते घ्यावं लागतं आणि वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. सुपरवायझरला तर ठरावीक क्षेत्रफळ आणि मजल्यांपर्यंतच परवानगी आहे. म्हणजे तुमच्याकडे सिव्हिलचं शिक्षण आणि लागेल तेवढा अनुभव असेल तर बोर्डावर खोटं ‘आर्किटेक्ट’ लिहिण्यापेक्षा खरं ‘लायसन्स्ड इंजिनिअर’ किंवा ‘लायसन्स्ड सुपरवायझर’ लिहा. तालुक्याच्या गावात घर बांधणाऱ्या माणसाला कुणाच्या सहीनं काम होतं हे बरोबर कळतं. मुंबईत याच प्रकारचा ‘लायसन्स्ड सर्व्हेयर’ असतो, तिथले लोक एल.एस. म्हणतात. इंजिनिअर लोकांसाठी आर्किटेक्टसारखी देशपातळीवरची कायदेशीर परिषद नसल्यामुळे ही स्थानिक लायसन्सं महत्त्वाची.

आता सहीच्या भाड्याबद्दल. हा विषय लोक हळू आवाजात बोलतात, मी जरा मोठ्यानं बोलतो.

पद्धत अशी चालते. नकाशा काढतो एक, सही करतो दुसरा. सही करणारा साईटवर एकदाही येत नाही, नकाशामागं ठरावीक रक्कम घेतो, शिक्का मारतो, विषय संपला. नवीन धंदेवाल्याला हे सोयीचं वाटतं. ग्राहक माझा, फी माझी, सहीपुरते थोडे पैसे दिले की झालं. पण याचा हिशोब नीट मांडा. सही करणाऱ्यानं कायद्यानं जबाबदारी घेतलीय आणि प्रत्यक्षात काहीच बघितलेलं नाही. तुम्ही सगळं बघताय आणि कागदावर कुठेच नाही. काही बिनसलं तर त्याची नोंदणी धोक्यात येते, म्हणून तो पहिलं वाक्य काय बोलणार? “माझ्या नकाशाप्रमाणे काम केलं नाही.” ग्राहकाला तर तिसऱ्याच माणसाची सही आहे हे तेव्हा पहिल्यांदा कळतं.

त्याऐवजी उघड भागीदारी करा. माझ्या ओळखीत एक इंटिरिअरवाली ताई आहे. बांधकामाचा प्रश्न आला की ती ग्राहकाला आर्किटेक्टकडे घेऊन जाते, त्याची फी वेगळी सांगते, चेक थेट त्याच्या नावानं काढायला लावते. सुरुवातीला तिला वाटायचं, ग्राहक त्याच्याकडेच जाईल. झालं उलटं. त्या आर्किटेक्टला छोट्या किचनच्या कामात रस नाही, ती कामं तो हिच्याकडे पाठवतो.

पाठवतो, आणि त्याचा टक्का घेत नाही. हे मुद्दाम लिहितोय. आर्किटेक्टांच्या १९८९च्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांत काम मिळवून देण्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याला मनाई आहे. प्लाय आणि लॅमिनेटचं दुकान चालवतो म्हणून दुसरी बाजू सांगतो. बाजारात ‘साहेबांचा टक्का’ ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि तो टक्का कुठल्याही दुकानदाराच्या खिशातून जात नाही, तो प्लायच्या भावातच धरलेला असतो. ग्राहकाला बीडब्ल्यूपी प्लायचं बिल देऊन कमर्शियल प्लाय पोहोचतो तो बहुतेक वेळा याच टक्क्याची भरपाई म्हणून. इंटिरिअर डिझायनरला १९८९चे नियम लागू नाहीत, त्याला कुठली परिषद विचारणार नाही. पण तुम्ही फी आणि टक्का दोन्ही घेणार असाल तर ग्राहकाला आधी सांगा. सांगायला लाज वाटत असेल तर घेऊ नका. फी वाढवा.

आता मोठा वाद. इंटिरिअर डिझायनरला पण सरकारनं परवाना लावावा का?

आपल्याकडे आज तसा परवाना नाही. गंमत बघा, आयकर कायद्यात ‘इंटिरिअर डेकोरेशन’ हे वकिली, डॉक्टरी, इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर यांच्याच रांगेत व्यवसाय म्हणून लिहिलेलं आहे. कर घेताना तुम्ही डॉक्टरच्या शेजारी बसता, बाकी वेळी तुमचं कुठंच नाव नाही. म्हणून इंटिरिअरवाले काही जण म्हणतात, आम्हालाही परिषद द्या, नोंदणी द्या, म्हणजे मान मिळेल आणि कुणीही उठून डिझायनर होणार नाही.

मला हे पटत नाही. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे आर्किटेक्टचा परवाना प्रत्येक राज्य वेगळा देतं. १८९७ मध्ये इलिनॉयनं सुरुवात केली, आज सगळ्या राज्यांत आहे. पदवीनंतर ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव आणि सहा भागांची परीक्षा, हा तिथला सर्वसाधारण रस्ता. राज्य बदललं की परवाना पुन्हा. आपली बी.आर्क. झालेली मुलं तिकडे जातात तेव्हा इथली नोंदणी दाखवून त्यांना आर्किटेक्ट म्हणून काम करता येत नाही. इमारत पडली तर माणसं मरतात, म्हणून एवढं कडक असणं मी समजू शकतो. पण काही राज्यांनी हाच नियम इंटिरिअरलाही लावला. फ्लोरिडात ऑफिस, दुकान, हॉटेल अशा व्यावसायिक जागांच्या इंटिरिअरला कितीतरी वर्षं राज्याचा परवाना लागायचा आणि त्यासाठी शिक्षण, अनुभव आणि परीक्षा अशी लांब रांग होती. २०२० मध्ये फ्लोरिडानं ती सक्ती काढली आणि नोंदणी ऐच्छिक ठेवली. बहुतेक राज्यांनी ती सक्ती कधी केलीच नव्हती आणि तिथली दुकानं काही कोसळलेली नाहीत.

आपल्याकडे असा परवाना आला तर पहिला बाहेर कोण जाईल? सुतारकामातून वर आलेला मुलगा. घरी मुलं सांभाळून तीन-चार फ्लॅट करणारी ताई. ज्याला पाच वर्षं कॉलेजात घालवता आली नाहीत तो. सोफ्याचा रंग आणि कपाटाची उंची ठरवायला सरकारी शिक्का कशाला हवा? ग्राहक तुमचं आधीचं काम बघतो, चार जणांना विचारतो, नाही पटलं तर दुसऱ्याकडे जातो. तेवढी परीक्षा पुरे आहे.

पण याची दुसरी बाजू मी सोडणार नाही. परवाना आवडीनिवडीला नको, वजनाला हवा. ज्या क्षणी तुमचा हात इमारतीचा भार पेलणाऱ्या भागाला लागतो, त्या क्षणी तुम्ही इंटिरिअरवाले राहत नाही. महाराष्ट्राच्या १९६६च्या नगररचना कायद्यातही फक्त आतल्या भागापुरत्या बदलाला परवानगीतून सूट आहे, वारसा इमारत असेल तर तीही नाही. पण आतल्या बदलाला सूट आहे म्हणजे पिलर छिलायला सूट आहे असं कुणी समजत असेल तर देव त्याचं भलं करो.

माझ्या एका गिऱ्हाईकाच्या बाबतीत घडलेलं सांगतो. जुनी तीन मजली लोड-बेअरिंग इमारत, तळमजल्याचा फ्लॅट. हॉल आणि किचन एक करायचं होतं. डिझायनरनं थ्रीडी सुंदर केलं होतं, मधली भिंत गायब. साहित्याची यादी घेऊन दुकानात आले तेव्हा मी सहज विचारलं, भिंत किती इंची? नऊ इंची. वर दोन मजले. म्हटलं, प्लाय नंतर घ्या, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्यानं येऊन सांगितलं, ही भिंत गेली तर वरच्या भिंतीला खाली आधार नाही. काम रद्द झालं, माझं बिलही गेलं. डिझायनर मुलगा हुशार होता, त्याला फक्त भिंतीनं वजन पेललेलं असतं हे कुणी शिकवलं नव्हतं.

नव्या टॉवरमध्ये वेगळाच धोका आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी भिंती विटांच्या नसतातच, ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. मिस्त्री त्याला मायवान म्हणतात. तिथे पातळ दिसणारी भिंतसुद्धा भार पेलणारी असते. स्विचबोर्ड हलवायला आडवी झिरी मारताना आतली सळई कापली तर तो दोष पुट्टीखाली झाकला जातो, बरा होत नाही. अशा इमारतीत भिंतीला हात लावण्याआधी सोसायटीकडून लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला, या दोन कागदांशिवाय मजुराला हातोडा देऊ नका. ग्राहक म्हणेल, “शेजारच्यांनी केलंय की.” शेजारच्यांचं काम तुम्ही केलेलं नाही, हे त्याला सांगा.

मग बोर्डावर काय? ‘इंटिरिअर डिझायनर’, ‘डिझाइन स्टुडिओ’, ‘फर्निचर आणि मॉड्युलर किचन’, जे खरोखर करता ते. ‘वास्तुविशारद’ लिहून मराठीची पळवाट काढू नका, वाचणारा त्याचा अर्थ आर्किटेक्ट असाच घेतो. शॉप ॲक्टची पावती आणि उद्यम नोंदणी जरूर करा, पण ती भिंतीवर लावून ‘सरकारमान्य डिझायनर’ म्हणवून घेऊ नका. ते कागद तुमचा धंदा अस्तित्वात आहे एवढंच सांगतात, तुमच्या कौशल्याबद्दल काही सांगत नाहीत.

आणि क्वोटेशनच्या शेवटी तीन ओळी टाका. या कामात इमारतीच्या पिलर, बीम, स्लॅब आणि भार पेलणाऱ्या भिंतींत कोणताही बदल समाविष्ट नाही. पालिकेची परवानगी किंवा नकाशा लागल्यास तो ग्राहकाने नेमलेल्या आर्किटेक्ट किंवा लायसन्सधारकामार्फत होईल आणि त्याची फी वेगळी राहील. आम्ही नोंदणीकृत आर्किटेक्ट नाही. तिसरी ओळ लिहिताना हात अडखळतो, मला माहीत आहे. माझ्याकडे शिकलेल्या काहींनी ती लिहायला सुरुवात केली तेव्हा त्यांनाही वाटलं होतं, ग्राहक पळेल. एकही पळाला नाही, एकानं फक्त विचारलं, “मग आर्किटेक्ट कोण घ्यायचा, तुम्हीच सुचवा.”

सुचवण्याआधी तपासा. आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक ‘सीए’नं सुरू होतो, पुढं वर्ष आणि आकडा असतो. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, क्रमांक जुळतो का आणि नोंदणी चालू आहे का ते बघा. लायसन्स्ड इंजिनिअर असेल तर लायसन्सची झेरॉक्स मागा, नूतनीकरणाची तारीख बघा आणि ते तुमच्याच पालिकेचं आहे ना याची खात्री करा. झेरॉक्स कामाच्या फाइलला लावा. द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्याचं नाव ग्राहकाला सुचवू नका.